शब्दचर्चा : ‘विश्वासी’ म्हणजे नेमकं कोण?

फतेगंजकर
नमस्कार, एका शब्दावर अडलोय. जानेवारीत १८ ते २५ ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-आठवडा असतो, त्याच्या मराठी पत्रकाच्या कच्च्या मजकुरात ‘सर्व विश्वासींचे ऐक्य’ असं आलंय. एका काकूंचं म्हणणं असं की मराठीत विश्वासी असा शब्दच नाही, विश्वासू लिहा. मला विश्वासू पटत नाही पण कारण नीट सांगता येईना.

मांडवीवाला
काकूंचं अर्धं बरोबर आहे. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर आपण विश्वास टाकतो तो, विश्वासू नोकर, पत्राखाली ‘आपला विश्वासू’ वगैरे. विश्वास ठेवणारा तो विश्वासी, म्हणजे दिशाच उलटी झाली. हिंदीत गुजरातीत हा शब्द रुळलेला आहे, आपण वडोदऱ्याचे मराठी अर्धं बोलणं तिथूनच उचलतो, तसा हाही आला असणार. मराठी बायबलात ‘विश्वास ठेवणारे’ किंवा ‘विश्वास धरणारे’ असं येतं. आणि ठेवायचाच असेल तर ‘विश्वासींचे’ मला हिंदी वळणाचं वाटतं, विद्यार्थ्यांचे तसं विश्वास्यांचे व्हायला हवं, पण ते कोणाच्या तोंडी येत नाही.

नगरची सून
दादा व्याकरण ठीक आहे, पण हा शब्द इथे वापरतात कसा तेही बघा ना. माझं माहेर नगर, जिथे १८४२ मध्ये ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं, तिथे आम्ही स्वतःला ख्रिस्ती म्हणतो, ख्रिश्चन म्हणतो, बस. इथे लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा ऐकलं, ‘तो चर्चला जातो हो, पण विश्वासी नाही.’ म्हणजे काय? म्हणजे तो आमच्या फेलोशिपचा, प्रार्थनागटाचा नाही, त्याचा बाप्तिस्मा आमच्यासारखा झालेला नाही, तो नावाचा ख्रिश्चन. सगळ्यांना एकत्र बोलावणारा शब्द असा चाळणीसारखा वापरला की मला फार वाईट वाटतं.

मुळात ख्रिस्ती हे नावही बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायाप्रमाणे अंत्युखिया शहरात पडलं, आणि सगळ्या नव्या करारात ते फक्त तीनदा येतं. आपसात ते लोक एकमेकांना भाऊ म्हणायचे, शिष्य म्हणायचे. आणि त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात विश्वास धरणाऱ्यांचा समुदाय एकदिलाचा आणि एकजिवाचा होता असं जिथे लिहिलंय तिथेच पुढे लिहिलंय की कोणी आपल्या मालमत्तेला आपलं म्हणत नसे. म्हणजे त्या शब्दाला लगेच पैसाअडका, जमीनजुमला जोडलेला आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांत मात्र लगेच गट सुरू झाले, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, आणि पौल त्यांना विचारतो ख्रिस्ताचे तुकडे झालेत का.

अजून एक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध, ख्रिस्ती आजही बाहेर. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक ओळख आणि रविवारी दुसरी. मुलाची स्कॉलरशिप सांभाळणाऱ्या आईला ‘विश्वासी नाही’ म्हणून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात मान्य नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये देवाचा दरबार हा भक्तांचा संघ सुरू केला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. मला विचाराल तर विश्वासी हा शब्द अशा माणसासाठी चांगला आहे, ज्याच्याकडे चर्चच्या रजिस्टरातली नोंद नाही पण श्रद्धा आहे. त्यालाच बाहेर काढायला तो वापरू नका.

फतेगंजकर
ताई, हे असं मी पाहिलंच नव्हतं. मग ऐक्य तरी ठेवू की एकता? एकी?

नगरची सून
एकता म्हटलं की मला सरकारी भिंतीवरची घोषणा आठवते. एकी बहुतेक वेळा कोणाच्या तरी विरुद्ध करतात, संपात, निवडणुकीत. ऐक्यच ठेवा, पण त्याच्यापुढचं क्रियापद जपून घ्या. इफिसकरांच्या पत्रात पौल ऐक्य ‘करा’ म्हणत नाही, ‘राखा’ म्हणतो. म्हणजे ते आधीच दिलेलं आहे, मोडायचं नाही एवढं आपलं काम, आणि ते काम काही सोपं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या, म्हणजे चर्चसंस्था, एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, वाटाघाटींत बरोबर असलेले मेथडिस्ट अगदी शेवटी बाहेर राहिले, म्हणून आज आपल्या शहरात सीएनआय वेगळं, मेथडिस्ट वेगळं. तरी कोणी गेलं की खांदा द्यायला दोन्हीकडचे येतातच.

निजामपुऱ्याची
मी कॅथलिक. आमच्याकडे मराठीत भाविक किंवा श्रद्धावंत म्हणतात, विश्वासी फारसं नाही. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये इतर ख्रिस्ती लोकांना विभक्त झालेले बंधू म्हटलं, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने दिलेला बाप्तिस्मा आम्ही मानतो, परत देत नाही. पण प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर, अजून एकत्र घेता येत नाही, आणि ऐक्याच्या आठवड्यातसुद्धा प्रार्थना एकत्र म्हणून भाकर वेगळी घ्यायची हे मला दरवेळी टोचतं. पत्रकात ऐक्य ‘झाले आहे’ अशा थाटात लिहू नका, ते खरं नाही.

मांडवीवाला
मग ‘सर्व मंडळ्यांतील ख्रिस्ती भाऊबहिणी’ कसं वाटतं? मंडळी बायबलातलाच शब्द आहे, गुजरातीतही चर्चला मंडळीच म्हणतात. फक्त इथे दूध मंडळी, सहकारी मंडळी पण असते, तेव्हा ‘ख्रिस्ती’ गाळू नका.

नगरची सून
हो, हे चांगलं आहे, भाऊबहिणी म्हटल्यावर कोण खरा कोण नावाचा हा प्रश्नच येत नाही.

फतेगंजकर
घेतलं. एकच राहिलं, लग्नाच्या जाहिरातीत ‘विश्वासी वधू पाहिजे’ असतं ते चालेल?

नगरची सून
चालेल की, आपल्यासारखी श्रद्धा असलेली मुलगी मागणं यात काय वाईट. पण त्याच्याच पुढे मूळ जात लिहिलेली असते ना, मी तरी ती वाचते आणि पेपर बाजूला ठेवते. माझ्या नणंदेच्या मुलासाठी तशी ओळ घालायची म्हणाले होते घरचे, मी नाही घालू दिली.