पिवळं झिंक, पितळी टर्मिनल आणि जर्मन ग्राहकाचा रोह्स-रीच फॉर्म

अंबड पॅनेल
नमस्कार मंडळी. अंबडला आमचं कंट्रोल पॅनेलचं काम आहे. जर्मनीच्या ग्राहकाने रोह्स (इलेक्ट्रिकल मालातल्या घातक पदार्थांवरचा युरोपीय नियम) आणि रीच (रसायनांवरचा युरोपीय कायदा) यांचे कागद मागितलेत. पॅनेलमध्ये पिवळं झिंक प्लेटिंग केलेले ब्रॅकेट, पितळी टर्मिनल आणि पीव्हीसी वायर आहे. प्लेटरच्या एक्सआरएफ (क्ष-किरण चाचणी) रिपोर्टमध्ये ब्रॅकेटचं क्रोमियम ९०० पीपीएम (दहा लाखात ९०० भाग) आलंय, म्हणजे हजाराच्या मर्यादेच्या आत. तेवढ्यावर पास धरायचं का? आणि रीच सर्टिफिकेट कोण देतं?

सातपूर प्लेटिंग
पास धरू नका. एक्सआरएफ एकूण क्रोमियम दाखवतं, त्यातलं हेक्झाव्हॅलंट (रोह्सची मर्यादा असलेला घातक प्रकार) किती ते नाही. शिवाय मर्यादा एकजिनसी पदार्थाला लागते, म्हणजे इथे फक्त वरच्या थराला. पॅसिव्हेशनचा (झिंकवरचा क्रोमियमचा गंजरोधक) थर इतका पातळ असतो की किरण खालचं झिंक आणि लोखंडही मोजतात आणि आकडा खाली येतो. म्हणून ९०० ला काहीच अर्थ नाही.

लॅबला आयईसी ६२३२१-७-१ ही आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धत सांगा. सुमारे ५० चौरस सेंमी पृष्ठभाग ५० मिली पाण्यात १० मिनिटं उकळतात, मग डायफिनाइलकार्बाझाइड घालून रंग मोजतात. ०.१० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंमीच्या खाली असेल तर निगेटिव्ह, ०.१३ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं अनिर्णित. कोटिंगचा रिपोर्ट पीपीएममध्ये आला तर पद्धतच चुकली असं समजा.

ड्रॉइंगवर आणि पीओवर (खरेदी ऑर्डरवर) नुसतं ‘पिवळं झिंक’ लिहू नका, ‘झिंक, ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन’ (हेक्झाव्हॅलंट न वापरता केलेलं) लिहा. रंगावर विश्वास नको. ट्रायव्हॅलंटवरही पिवळी डाय चढवतात. प्लेटरकडे हेक्झाव्हॅलंट आणि ट्रायव्हॅलंट दोन्ही बाथ असतील तर जिग (पार्ट टांगायच्या चौकटी) आणि धुण्याच्या टाक्या वेगळ्या आहेत का ते जाऊन बघा. जिगवरून ओघळलेलं द्रावण दुसऱ्या बाथमध्ये गेलं की चांगला लॉटही पॉझिटिव्ह येतो.

सिन्नर क्वालिटी
रीच सर्टिफिकेट असं सरकारी काही नसतं. तुमचं स्वतःचं घोषणापत्र लागतं, त्यावर कॅन्डिडेट लिस्टची (रीचमधल्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीची) तारीख हवीच, कारण यादी साधारण वर्षातून दोनदा वाढते. तारीख नसेल तर ग्राहक परत पाठवणारच.

सगळ्यात जास्त घोटाळा पितळात होतो. फ्री-कटिंग पितळात साधारण २ ते ३.५ टक्के शिसं असतं. तांब्याच्या मिश्रधातूला रोह्समध्ये ४ टक्क्यांपर्यंत सूट आहे, तिचा क्रमांक ६(सी). घोषणापत्रात तो क्रमांक लिहा आणि सही करण्याआधी सुटीची मुदत तपासा. पण ही सूट रीचला चालत नाही. शिसं जून २०१८ पासून कॅन्डिडेट लिस्टमध्ये आहे, त्यामुळे ०.१ टक्क्याच्या वर असेल तर कलम ३३ प्रमाणे ग्राहकाला कळवावंच लागतं. टक्केवारी टर्मिनलच्या वजनावर काढायची, पॅनेलच्या नव्हे. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. स्किप डेटाबेसमधली (असे पदार्थ असलेल्या वस्तूंच्या युरोपीय यादीतली) नोंद युरोपातला आयातदार करतो, माहिती मात्र तुम्हीच पुरवायची.

अंबड पॅनेल
आभारी आहे. वायरसाठीसुद्धा एक्सआरएफ पुरत नाही का?

सातपूर प्लेटिंग
शिसं आणि कॅडमियमच्या प्राथमिक चाचणीला चालतं. कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के, बाकीच्यांची ०.१. थॅलेट (पीव्हीसी मऊ करणारी रसायनं) मात्र त्यात दिसत नाहीत. डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी हे चारही २२ जुलै २०१९ पासून रोह्समध्ये आहेत, त्यांना आयईसी ६२३२१-८ लागतं. पीव्हीसी स्लीव्ह आणि टेपही तपासा. थॅलेट स्पर्शाने सरकतात. जुन्या पीव्हीसी मॅटवर पडून राहिलेली चांगली वायरही नापास होऊ शकते.

सिन्नर क्वालिटी
आणि फाइल ईएन आयईसी ६३००० (रोह्सच्या तांत्रिक कागदपत्रांचं मानक) प्रमाणे लावा: पार्ट लिस्ट, प्रत्येक पुरवठादाराचं घोषणापत्र, जोखमीच्या पार्टचे रिपोर्ट. माल बाजारात गेल्यापासून १० वर्षं जपायची असते.