ईआयएफ-२-अल्फाची फॉस्फो-अँटिबॉडी: दोन्ही नमुन्यांत पट्टी सारखीच का?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, सातारा)
नमस्कार. ईआयएफ-२-अल्फा या प्रथिनातील ५१व्या सेरीनवर फॉस्फेट बसले की पेशीतील प्रथिननिर्मितीची सुरुवातच मंदावते. ती अवस्था ओळखणारी, सशापासून तयार केलेली मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) अँटिबॉडी मी वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पातळ पटलावर (मेम्ब्रेनवर) अँटिबॉडीने ओळखण्यासाठी, वापरते. हेला या मानवी पेशींना ट्युनिकामायसिन हे पेशीवर ताण आणणारे औषध देऊन २४ तासांनी लायसेट (पेशी फोडून मिळणारा द्रव) काढले आणि अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेन दूध पावडरीत ब्लॉक केले. ३८ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास पट्टी येते, पण औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींत ती सारखीच दिसते. अँटिबॉडी खराब समजावी का? नवी मागवणे आम्हाला परवडणारे नाही.

उत्तर (मिरज)
अँटिबॉडीला दोष देण्याआधी वेळ तपासावी. ताण आला की पर्क हे किनेज (फॉस्फेट बसवणारे एन्झाइम) फॉस्फेट बसवते, परंतु त्याच ताणामुळे पुढे गॅड३४ हे प्रथिन तयार होऊन ते फॉस्फेट काढून टाकण्याची व्यवस्था करते, त्यामुळे २४ तासांनी चढ ओसरलेला असू शकतो. शिवाय जुन्या माध्यमात दाटीने वाढलेल्या पेशींत अमिनो आम्ले कमी पडली, तर जीसीएन२ हे दुसरे किनेज जागे होऊन औषध न दिलेल्या नमुन्यातही पट्टी गडद होते. १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन (लवकर ताण आणणारे औषध) देऊन अर्धा, एक आणि दोन तासांचे नमुने घ्यावेत. ताण नसलेल्या पेशींतही थोडे फॉस्फेट असतेच, म्हणून ती लेन (जेलमधील त्या नमुन्याचा रकाना) अगदी कोरी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये.

उत्तर (कराड)
वरील मताशी सहमत आहे. दुधातील केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन असल्यामुळे पार्श्वभूमी वाढू शकते. ब्लॉकिंगसाठी आणि अँटिबॉडी विरळ करण्यासाठी टीबीएसटी या धुण्याच्या बफरमध्ये ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) वापरून पाहावे. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हे फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे पदार्थ) आहेत ना, हेही पाहावे, कारण प्रथिने तुटू न देणाऱ्या नुसत्या प्रोटिएज इनहिबिटरने फॉस्फेट टिकत नाही.

माझ्या मते खरा निवाडा लॅम्डा फॉस्फेटेज हे प्रथिनांवरील फॉस्फेट काढणारे एन्झाइमच करते. त्यासाठी थोडे लायसेट फॉस्फेटेज इनहिबिटर आणि ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारा पदार्थ) न घालता वेगळे काढावे, कारण या एन्झाइमला मँगनीज लागते. प्रक्रियेनंतर फॉस्फो-पट्टी नाहीशी झाली आणि एकूण ईआयएफ-२-अल्फाची पट्टी तशीच राहिली, तर अँटिबॉडी फॉस्फेट असलेलेच रूप ओळखते आहे, असे म्हणता येईल; मात्र ते ५१वे सेरीनच आहे, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. फॉस्फो-पट्टी हटली नाही, तर एन्झाइमने काम केले होते ना हे आधी पाहावे; केले असेल, तर अँटिबॉडी फॉस्फेट सोडून दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. एकूण प्रथिनाची अँटिबॉडी उंदराची आहे. ती त्याच मेम्ब्रेनवर चालेल का?

उत्तर (कराड)
दोन रंगांच्या फ्लुओरेसंट दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून ती दाखवणाऱ्या) असतील तर अवश्य. नसतील तर मेम्ब्रेन स्ट्रिप करण्यापेक्षा (आधीची अँटिबॉडी धुऊन काढण्यापेक्षा) त्याच लायसेटच्या दोन जेल शेजारीशेजारी चालवाव्यात.