मांजरीने मेलेला पक्षी आणला, बर्ड फ्लूची भीती वाटतेय

माऊची_आई:
कालपासून जीव थाऱ्यावर नाहीये. आमची माऊ बाहेर फिरून येते, काल तोंडात मेलेला पक्षी घेऊन आली, मी हातानेच काढून घेतला, नंतर साबणाने हात धुतले. तिला चिकन कच्चंच देतो पण ते डीप फ्रीझरमधलं असतं, म्हणजे सेफ ना? घरात कुत्रा आणि दोन लव्हबर्ड्स पण आहेत.

बोकोबा:
ताई, कच्चं चिकन आजपासून बंद! फ्रीझरने हा व्हायरस मरत नाही, थंडीत उलट जास्त टिकतो. आतपर्यंत ७४ डिग्रीला शिजलं की मरतो. मांजरांना एच५एन१ (म्हणजे हाच बर्ड फ्लूचा व्हायरस) फार जोरात होतो, कुत्र्यांना त्यामानाने कमी. थायलंडमध्ये २००४ साली एका झूमध्ये वाघांना कच्च्या कोंबड्या घातल्या, त्यातून शंभरावर वाघ गेले, काही आजाराने आणि बाकीचे साथ थांबवायला मारावे लागले. वाघ म्हणजे मांजराच्याच जातीचा ना शेवटी. आणि न तापवलेलं दूध पण नको, २०२४ मध्ये टेक्सासला आजारी गाईंचं कच्चं दूध पिऊन गोठ्यातली मांजरं मेली होती.

पंखवाली:
माऊला लव्हबर्ड्सच्या खोलीत अजिबात सोडू नका. पिंजरा खिडकीपासून, बाल्कनीपासून लांब घ्या, बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा दाण्यात पाण्यात पडायला नको. चपला दाराबाहेर, कारण चपलेला विष्ठा लागून पण घरात येतं हे लोकांच्या लक्षातच येत नाही. कुत्र्याला फिरवताना पट्टा सोडू नका, मेलेलं काही दिसलं की तोंड घालतातच.

बोकोबा:
हो, आणि माऊ खात नाहीये, ताप, धाप लागतेय, नाक-डोळे गळतायत, तोल जातोय किंवा फिट आली तर थांबू नका. पण दवाखान्यात थेट नेऊ नका, आधी फोन करून पक्ष्याचं सांगा म्हणजे ते बाकीच्या प्राण्यांपासून वेगळं घेतील. तुम्ही स्वतःकडे पण दहा दिवस बघा, ताप, खोकला, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना हे सगळं सांगायचं.

माऊची_आई:
खूप थँक्यू दोघांना. डॉक्टरांना फोन केला, माऊला वेगळ्या खोलीत ठेवलंय, दाराशी बसून सारखी ओरडतेय, ऐकवत नाही. पण शिजवलेलं चिकन सगळं संपवलं तिने.