पत्त्यात अलेक्झांड्रिया, राहतो फेअरफॅक्स काउंटीत?? नक्की कोणाला काय विचारायचं

एडिसनहून_निघालेला

मंडळी नमस्कार, न्यू जर्सीतून नुकतेच व्हर्जिनियात आलोय, किंग्सटाउनला टाउनहाउस भाड्याने घेतलंय. पत्त्यात शहर म्हणून अलेक्झांड्रिया लिहितात, पण शेजारचे म्हणतात तुम्ही अलेक्झांड्रियात राहतच नाही, तुम्ही फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी). आणि बायकोने नकाशा उघडला तर फेअरफॅक्स नावाचं शहर वेगळंच, तिकडे लांब. डोक्याचा पार भुगा झालाय. जर्सीत काय लागलं की टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या नगरपालिकेच्या, ऑफिसला फोन करायचा, काउंटीशी कधी फारसा संबंधच आला नाही, इथे टाउनशिप दिसतच नाही कुठे.

मला कळत नाहीये की मुलीच्या शाळेचं कोणाकडे (सप्टेंबरच्या मध्यात ५ वर्षांची होईल), गाडीचा काहीतरी टॅक्स असतो म्हणे तो कोणाला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बर्फ, कचरा, गावातले कार्यक्रम या बातम्या लोकांना कळतात कुठून? आई-बाबा पण येणारेत ६ महिन्यांसाठी, त्यांना घरात कोंडून ठेवायचं नाहीये. जाणकारांनी सांगा प्लीज.

ओक्टनचा_जुना_खोड

पत्त्यातलं शहर हे पोस्ट ऑफिसचं नाव, त्याचा सरकारशी संबंध नाही. तुमच्याकडे अलेक्झांड्रिया लिहितात, पलीकडे फॉल्स चर्च लिहितात, आणि यातली बरीच घरं फेअरफॅक्स काउंटीत असतात. व्हर्जिनियात शहर असेल तर ते काउंटीच्या बाहेर, पूर्ण स्वतंत्र. अशी ३८ स्वतंत्र शहरं आहेत राज्यात. फेअरफॅक्स शहरसुद्धा १९६१ पासून स्वतंत्र आहे, काउंटीने चहूबाजूंनी वेढलेलं, आणि गंमत म्हणजे काउंटीचं कोर्ट त्या शहराच्या पोटात बसलंय.

जर्सीत उलटं आहे, तिथे प्रत्येक इंच जमीन कुठल्या ना कुठल्या म्युनिसिपालिटीत येते म्हणून तुम्हाला टाउनशिपची सवय. इथे हर्नडन, व्हिएन्ना, क्लिफ्टन ही ३ टाउन सोडली तर खाली काहीच नाही, तुमची टाउनशिप म्हणजे काउंटीच. पोलिस, फायर, लायब्ररी, पार्क, बिल्डिंग परमिट, टॅक्स सगळं तिथेच. साडेअकरा लाख लोकांचा कारभार आहे, एक चेअरमन आणि ९ डिस्ट्रिक्टचे ९ सुपरवायझर (निवडून आलेले प्रतिनिधी) मिळून बोर्ड चालवतात. तुमचं डिस्ट्रिक्ट बहुतेक फ्रँकोनिया, तरी काउंटीच्या साइटवर 'माय नेबरहूड' मध्ये पत्ता टाका, सुपरवायझर, पोलिस स्टेशन, शाळा, लायब्ररी सगळं एका पानावर येतं. हे आधी करा मग बाकीचं.

शाळा म्हणजे फेअरफॅक्स काउंटी पब्लिक स्कूल्स, अलेक्झांड्रिया शहराची शाळा नाही. किंडरगार्टनला ३० सप्टेंबरपर्यंत ५ पूर्ण लागतात, म्हणजे तुमची लेक बसतेय.

कार_टॅक्स_पीडित

गाडीचं मी सांगतो कारण जर्सीवाल्यांना हा धक्का हमखास बसतो. दोन वेगळी कामं आहेत, एक राज्याचं आणि एक काउंटीचं. राज्याचं म्हणजे डीएमव्ही (आपल्या आरटीओसारखं खातं), गाडीचं रजिस्ट्रेशन ३० दिवसांत आणि लायसन्स ६० दिवसांत. तिथे नंबर प्लेट मिळाली म्हणून काम संपलं असं वाटतं, पण तुम्ही काउंटीच्या टॅक्स ऑफिसकडे गाडीची नोंद ६० दिवसांत वेगळी करायची, नाहीतर दंड. ऑनलाइन होतं, जायची गरज नाही.

मग दर वर्षी पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स, सगळे कार टॅक्सच म्हणतात. गाडीच्या किमतीच्या दर १०० डॉलरला ४.५७ डॉलर असा दर बरीच वर्षं चाललाय, यंदाचा साइटवर बघून घ्या. खासगी गाडी असेल तर पहिल्या २० हजार डॉलर किमतीवर राज्याकडून सवलत मिळते, टक्का दर वर्षी बदलतो. बिलाची तारीख ५ ऑक्टोबर. वर्षाच्या मध्ये आलात तर तेवढ्याच महिन्यांचा टॅक्स लागतो. गाडी विकली किंवा राज्य सोडलं तर तेही काउंटीला कळवायचं, आपोआप बंद होईल या भरवशावर राहू नका. घराचा टॅक्स वेगळा, तो घरमालकाच्या डोक्याला ताप, तुमच्या नाही.

एडिसनहून_निघालेला

बापरे. गाडी चालवायचा नाही तर गाडी असण्याचा टॅक्स. बरं झालं सांगितलंत, प्लेट घेऊन शांत बसलो असतो. आणि रस्ते? आमच्या कोपऱ्यावर एवढा मोठा खड्डा आहे, काउंटीला कळवू का?

ओक्टनचा_जुना_खोड

हो, काउंटीच्या साइटवर तक्रार टाका.

बर्कची_मावशी

ओक्टनकर, तुम्ही इतकी वर्षं राहून असं सांगताय? :) रस्ते काउंटीचे नाहीत. १९३२ साली बर्ड रोड अ‍ॅक्ट आला तेव्हा बहुतेक काउंट्यांनी आपले रस्ते राज्याकडे सोपवले, आर्लिंग्टन आणि हेन्रिको तेवढ्या अजून स्वतःचे सांभाळतात. म्हणून आपल्याकडे खड्डा असो नाहीतर बर्फ, व्हीडॉटला (राज्याच्या रस्ते-वाहतूक खात्याला) कळवायचं. म्हणजे इतक्या मोठ्या काउंटीला स्वतःच्या गल्लीतला खड्डा बुजवायचा अधिकार नाही, मला तर हे फार विनोदी वाटतं पण लोक सुपरवायझरलाच शिव्या देत बसतात.

आणि टाउनहाउस आहे ना, मग आधी बघा की रस्ता खासगी आहे का. एचओएच्या (घरमालकांच्या सोसायटीच्या) आतले रस्ते बरेचदा खासगीच, तिथे व्हीडॉटची बर्फ काढायची गाडी येतच नाही, एचओएने ठेकेदार लावलेला असतो. आमच्याकडे एका हिवाळ्यात दोन घरं सोडून सार्वजनिक रस्ता लख्ख आणि आमच्या दारात गुडघाभर बर्फ, कारण ठेकेदार उगवलाच नाही, आणि काउंटीला फोन करून काही उपयोग नव्हता.

कचऱ्याचंही तसंच. काउंटीची गाडी थोड्याच घरांना येते, बाकीच्यांकडे खासगी कंपनी, तुमच्याकडे एचओएच्या फीमध्ये धरलं असेल, घरमालकाला विचारा. काच रिसायकलिंगच्या डब्यात टाकायची नाही, २०१९ पासून घेत नाहीत, जागोजागी मोठे जांभळे डबे आहेत तिथे नेऊन टाकायची. जुना पलंग, बॅटऱ्या, केमिकल असलं काही साचलं तर लॉर्टनला आय-९५ चं कचरा केंद्र आहे, तुम्हाला जवळच पडेल. दुकानात प्लास्टिकची पिशवी घेतली तर ५ सेंट लागतात, हा पण काउंटीचाच टॅक्स.

ओक्टनचा_जुना_खोड

मावशी बरोबर, व्हीडॉटच. मी बसथांबा, गटार, बंद पडलेली गाडी असल्या तक्रारी काउंटीला करतो त्या धुंदीत लिहिलं.

रेस्टन_रिटायर्ड

आई-बाबांसाठी लिहितोय. सगळ्यात सोपं म्हणजे लायब्ररी. जाऊन बसायला, पेपर वाचायला, कार्यक्रमाला कार्ड लागत नाही, तुमचं कार्ड मात्र आधी काढून ठेवा, रहिवाशांना फुकट आहे. इंग्रजी संभाषणाचे वर्ग असतात, शिकवणारे स्वयंसेवक असतात, कोरियन, व्हिएतनामी, अफगाण, आपले, सगळे आजी-आजोबा एका टेबलाशी. आमच्या सौंच्या आई पहिल्या आठवड्यात तोंड उघडत नव्हत्या, नंतर परत जायच्या दिवशी तिकडच्या मैत्रिणींना भेटायला अर्धा दिवस मागत होत्या. लहान मुलांचा गोष्टींचा तास असतो, नातीबरोबर त्यांनाच पाठवा.

उन्हाळ्यात पार्क ऑथॉरिटीच्या फुकट संगीत मैफिली असतात, खुर्ची घरून न्यायची. शेतकरी बाजारही त्यांचेच भरतात. उन्हाळ्यात फ्राइंग पॅन फार्म पार्कला फोर-एचचा (शेती-जनावरं शिकणाऱ्या मुलांच्या क्लबचा) मेळा असतो, गाई, डुकरं, कोंबड्या, गावाकडच्या माणसाला बघायला मजा येते, आमचे सासरे दूध काढणाऱ्या पोरांना सूचना देत उभे होते. तारखा दर वर्षी बघाव्या लागतात. वर्गांसाठी 'पार्कटेक्स' नावाचं नियतकालिक निघतं, पोहायचे क्लास हवे असतील तर नोंदणी उघडली त्याच सकाळी बसा, दुपारी काही शिल्लक नसतं.

कार_टॅक्स_पीडित

बातम्यांचं कोणी सांगितलंच नाही. 'फेअरफॅक्स अलर्ट्स' ला फोन नंबर टाका, वादळ, पूर, रस्ता बंद असे मेसेज येतात. काय काय हवं ते नीट निवडा, सगळ्यावर टिक केली तर रात्री २ ला ढगांचा गडगडाट होणार म्हणून फोन ओरडतो. शाळेचे मेसेज वेगळे, ते शाळेत नाव घातलं की सुरू होतात, बर्फाची सुट्टी तिथून कळते.

दुसरं म्हणजे सुपरवायझरच्या न्यूजलेटरला नाव द्या. नवीन इमारत, बस मार्ग, कुठे खोदकाम, जवळपासचे कार्यक्रम हे पेपरात येत नाही ते तिथे येतं. बोर्डाची मीटिंग काउंटीच्या चॅनल १६ वर आणि ऑनलाइन दिसते.

बर्कची_मावशी

आणि फक्त बघत बसू नका हो. काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, फेब्रुवारीत बजेटचा मसुदा येतो, एप्रिलमध्ये सुनावणी, मे मध्ये मंजूर. सुनावणीत कोणीही नाव नोंदवून बोलू शकतं, नागरिक असायला लागत नाही. बजेटचा निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो, कारण शाळेचं बोर्ड निवडून येतं पण त्यांना स्वतःचा टॅक्स लावता येत नाही, हात काउंटीपुढेच पसरायचा. म्हणून मे संपल्यावर शाळेचे कार्यक्रम का कापले म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, एप्रिलमध्येच जायचं. मी एकदा आमच्या बसमार्गासाठी बोलले होते, वेळ थोडाच मिळतो म्हणून घरी लिहून, घड्याळ लावून वाचून बघा. मुद्दा पहिल्या वाक्यात. आणि फक्त स्वतःचं गाऱ्हाणं नको, बसथांब्यावर कोण कोण उभं असतं ते सांगा, ते ऐकतात. मार्ग राहिला, फेऱ्या मात्र कमी केल्या.

एडिसनहून_निघालेला

'माय नेबरहूड' बघितलं, फ्रँकोनियाच निघालं. गाडीची नोंद आत्ता जेवण झाल्यावर केली, सोपी होती. रस्ता खासगी आहे असं घरमालक म्हणतोय म्हणजे खड्डा एचओएच्या गळ्यात. एकच राहिलं, लायब्ररीच्या त्या इंग्रजी वर्गाला नाव आधी घालावं लागतं का थेट गेलं तरी चालतं?

रेस्टन_रिटायर्ड

आमच्या शाखेत थेट जायचो. शाखेशाखेप्रमाणे वेगळं असतं, काउंटरवर विचारा, आणि आजी-आजोबांना घेऊनच जा म्हणजे बाई लगेच ओळख करून देतील.