इंग्रजीत ‘अँड’ने जोडलेले भाग एकाच रूपात का असावे लागतात?

इतिवृत्तलेखक:
आमच्या गृहनिर्माण संस्थेतील काही सभासदांना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे सभेचे इतिवृत्त आधी मराठीत लिहून मग त्याचा इंग्रजी तर्जुमा करण्याचे काम सचिव या नात्याने माझ्याकडे आले आहे. गेल्या सभेच्या इतिवृत्तात असे वाक्य होते: “लिफ्ट दुरुस्त करण्याचे, कुंपणाच्या भिंतीला रंग देण्याचे व पहारेकऱ्याचा पगार वाढवण्याचे ठरले.” त्याचे इंग्रजी मी असे केले: “द कमिटी डिसायडेड टू रिपेअर द लिफ्ट, पेंटिंग द कंपाउंड वॉल अँड दॅट द वॉचमन्स सॅलरी शुड बी इन्क्रीज्ड.” एका सभासदांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात “नॉट पॅरलल” एवढेच लिहिले आणि कागद परत पाठवला. अर्थ तर सगळ्यांना कळला, मग चूक नेमकी कशात आहे? पुढच्या वाक्यावरही तीच खूण आहे: “द लिफ्ट विल नॉट ओन्ली बी रिपेअर्ड बट ऑल्सो न्यू केबल्स विल बी फिटेड.” येथे तर यादीसुद्धा नाही.

दुभाषी:
खूण करणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्यांनी कारणही लिहायला हवे होते. ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ ही उभयान्वयी अव्यये समान दर्जाचे भाग जोडतात आणि ते सगळे भाग आधीच्या एकाच शब्दावर अवलंबून असतात. तुमच्या वाक्यात तो शब्द ‘डिसायडेड’ आहे. प्रत्येक भाग त्याच्यापुढे एकेकटा ठेवून मोठ्याने वाचून पाहा. “डिसायडेड टू रिपेअर” चालते, “डिसायडेड दॅट द सॅलरी शुड बी इन्क्रीज्ड” हेही चालते, पण “डिसायडेड पेंटिंग” म्हणताच कान अडखळतो, कारण या क्रियापदापुढे ‘इंग’चे रूप येत नाही. म्हणजे मधला भाग मुळातच चुकीचा आहे, आणि पहिला व तिसरा आपापल्या जागी शुद्ध असूनही एकमेकांशेजारी बेंगरूळ दिसतात. तिन्ही ठिकाणी ‘टू’ची रचना ठेवा: “डिसायडेड टू रिपेअर द लिफ्ट, पेंट द कंपाउंड वॉल अँड इन्क्रीज द वॉचमन्स सॅलरी.” ‘टू’ एकदाच पुरतो, पण दुसऱ्यांदा लिहिलात तर तिसऱ्यांदाही लिहा.

दुसऱ्या वाक्यात ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ ही जोडी आहे. अशा जोडीत पहिल्या शब्दानंतर जे येते, त्याच जातीचे दुसऱ्यानंतर यावे लागते. तुम्ही ‘नॉट ओन्ली’नंतर नुसता क्रियापदाचा तुकडा ठेवला आहे आणि ‘बट ऑल्सो’नंतर कर्त्यासकट अख्खे वाक्य. “द लिफ्ट विल बी नॉट ओन्ली रिपेअर्ड बट ऑल्सो फिटेड विथ न्यू केबल्स” असे केले की दोन्ही पारडी सारखी होतात. ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’ आणि ‘बोथ–अँड’ यांनाही हेच लागू आहे.

निवृत्त मास्तर:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण हा घोटाळा मराठी माणसाकडून का होतो हे सांगावेसे वाटते. आपल्या मूळ वाक्यात ‘करण्याचे’, ‘देण्याचे’, ‘वाढवण्याचे’ ही रूपे आपोआप जुळली, कारण शेवटी येणाऱ्या ‘ठरले’ने तिघांनाही एकच प्रत्यय घ्यायला लावला. प्रत्यय शब्दाला चिकटलेला आणि क्रियापद अखेरीस असल्यामुळे न जुळलेले रूप आपल्याला बोलतानाच खटकते. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन जाते, आणि तिसऱ्या भागापर्यंत पोहोचेपर्यंत त्याने काय मागितले होते याचा लिहिणाऱ्याला विसर पडतो.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानाची उद्देशिका दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचावी. “लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप” यात पाच नामांना मिळून ‘ऑफ’ एकदाच आला आहे, आणि मराठीतही पाचही नामे मोकळी सोडून अखेरीस एकच ‘यांचे’ ठेवला आहे: “विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य”. पुढच्याच ओळीत मात्र “इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी” असा ‘ऑफ’ दोनदा येतो आणि मराठीही “दर्जाची व संधीची समानता” असा प्रत्यय दोनदा लावते. एकदा किंवा प्रत्येक वेळी, दोन्ही रीती शुद्ध आहेत. अधेमधे थांबणे तेवढे अशुद्ध.

तिरकस वाचक:
एक पुरवणी जोडतो, कारण नियम कळला की लोक तो काठीसारखा वापरू लागतात. भागांचे वाक्यातील काम सारखे असले पाहिजे. रूप सारखे असणे हे त्याचे बहुधा दिसणारे लक्षण आहे, पण अट नव्हे. “शी इज अ टीचर अँड प्राउड ऑफ इट” यात नाम आणि विशेषण जोडले आहे, तरी वाक्य उत्तम इंग्रजी आहे, कारण दोन्ही भाग ‘इज’नंतर तिचेच वर्णन करतात. “स्लोली अँड विथ ग्रेट केअर” यालाही कोणी नाव ठेवणार नाही.

इतिवृत्त लिहिणाऱ्याने खरी काळजी दुसऱ्या ‘दॅट’ची घ्यावी. “द चेअरमन सेड दॅट द लिफ्ट वुड बी क्लोज्ड फॉर टू डेज अँड द कॉन्ट्रॅक्टर हॅड बीन पेड” या वाक्यात पैसे दिल्याचे अध्यक्ष सांगतात की सचिव स्वतःच्या जबाबदारीवर नोंदवतात, हे ठरवता येत नाही. ‘अँड’नंतर पुन्हा ‘दॅट’ लिहिला की दोन्ही विधाने अध्यक्षांच्या तोंडी जातात. मराठीत शेवटचे “असे अध्यक्षांनी सांगितले” सगळ्याला कवेत घेते, म्हणून आपल्याला ही फट दिसत नाही.

इतिवृत्तलेखक:
आपणा सर्वांचा आभारी आहे. पहिली दोन्ही वाक्ये सुधारून पुन्हा टंकलिखित केली. शेवटचा प्रतिसाद वाचून मागील वर्षाची वही उघडली, तर रंगकामाच्या आगाऊ रकमेबद्दल माझेच एक वाक्य नेमके तसे निघाले. रक्कम दिल्याचे अध्यक्षांनी सांगितले होते, पण इंग्रजी प्रतीत ते मीच प्रमाणित केल्यासारखे वाचले जात होते. आता तेथे दुरुस्तीची नोंद करून दुसरा ‘दॅट’ घातला आहे. त्या दुरुस्तीवर अध्यक्षांची सही मात्र अजून व्हायची आहे.