केम्निट्सला जायच्या आधी जर्मन कुठे शिकू? (बजेट १२ हजार)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. ऑक्टोबरपासून जर्मनीत केम्निट्सला मास्टर्स सुरू होतंय, शिकवणं पूर्ण इंग्रजीत. ब्लॉक अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवतात ते खातं) ११,९०४ युरो भरून झालेत, त्यामुळे घरी आणखी पैसे मागायचे नाहीत. जर्मनसाठी माझ्याकडे १२ हजार रुपये आहेत आणि जेमतेम अडीच महिने. पुण्यात राहायला जाणं जमणार नाही. सर्टिफिकेट नको. घरमालक, दुकानदार, डॉक्टर, सरकारी ऑफिस यांच्याशी बोलता आलं पाहिजे, एवढंच. क्लास, अ‍ॅप, पुस्तक... काय घेऊ?

डॉइचवाला
मॅक्स म्युलर भवन. दुसरा विचारच नको. मी पुण्यात ए१ या पहिल्या पातळीपासून ए२, बी१ करत बी२ पर्यंत तिथेच केलं, आज स्टुटगार्टला ऑफिसातल्या मीटिंगा जर्मनमध्ये घेतो. फी तुझ्या बजेटबाहेर जाईल, पण एवढा खर्च केलाच आहेस तर इथे हात आखडता घेऊ नकोस. ऑनलाइन बॅचही असतात.

सॅक्सनीतला_सातारकर
क्लासने सगळं होत नाही. माझ्या रूममेटचं ए२ झालेलं होतं. खोली बघायला त्याला 'हाल्ब द्राय'ला बोलावलं, हा साडेतीनला पोचला. खोली दुसऱ्याला गेली! हाल्ब द्राय म्हणजे अडीच. आणि केम्निट्सकडे 'फिअर्टल द्राय' म्हणजे सव्वादोन, 'द्रायफिअर्टल द्राय' म्हणजे पावणेतीन. आपण पावणेतीन म्हणताना पुढच्या तासाकडे बघतो, ते अडीच आणि सव्वादोनलाही तसंच बघतात. चोवीस म्हणतानाही आधी चार, मग वीस, आपल्यासारखंच. क्लासवाले हे सगळं इंग्रजीतून शिकवतात, म्हणून पोरं आकड्यांना घाबरतात. तू थेट मराठीतून जर्मनमध्ये जा.

डॉइचवाला
फिअर्टल द्राय आमच्या स्टुटगार्टकडेही म्हणतात. ती काही सॅक्सनीची, म्हणजे तुमच्या केम्निट्सच्या राज्याची, मक्तेदारी नाही.

इसारकाठी
मी म्युनिकला असते. खरं सांगू, जर्मनची गरजच नाही. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात, बाकी फोनमधलं भाषांतर आहेच. ते १२ हजार चांगल्या जॅकेटला घाल.

सॅक्सनीतला_सातारकर
म्युनिक आणि केम्निट्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे गाव पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतलं, १९५३ ते १९९० त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. साठीच्या पुढची बरीच माणसं शाळेत रशियन शिकलेली आहेत. घरमालकीणबाई त्याच वयाची निघाली तर इंग्रजी कुठून आणणार?

पाटलांची_थोरली
माझ्या धाकट्या भावाचं सांगते, कारण हे कुठल्याच क्लासात कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विम्यासाठी फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगितलं, इंग्रजी पद्धतीने. जर्मनमध्ये इंग्रजी 'ए'ला 'आ' म्हणतात, 'ई'ला 'ए' आणि 'आय'ला 'ई'. पलीकडच्या बाईंनी जे ऐकलं ते लिहिलं, पाटीलचं पेटाइल झालं. आता तिथे इमारतीत फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर पाटील, पाकिटावर पेटाइल. विम्याचं कार्ड परत गेलं. पोराला ताप होता आणि हातात कार्ड नाही, आम्ही इकडे कोल्हापुरात नुसता जिवाला घोर लावून बसलेलो. तर बाई, स्वतःचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख जर्मनमध्ये न अडखळता सांगता येईपर्यंत घोकून घे. आणि पेटीवर नाव पहिल्या दिवशी लाव.

इसारकाठी
ईमेलने स्पेलिंग पाठवलं असतं तर हे झालंच नसतं.

दोन_वर्षं_अडकलेला
मोबाइलबद्दल कुणीच बोललं नाही. दुकानातल्या माणसाने 'स्टुडंट ऑफर' म्हणून सही घेतली, कागद चोवीस महिन्यांच्या कराराचा होता. कंपनीचं नाव घेत नाही. मी अजून हप्ते भरतोय. जर्मन येत नाही तोवर प्रीपेड सिमच घे आणि न समजलेल्या कागदावर सही करू नकोस. आणि पत्ता नोंदवला की रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, घरात टीव्ही नसला तरी. महिना १८.३६ युरो, पण ते घरामागे एकदाच. चौघं एकत्र राहात असाल तर वाटून घ्या. आमच्याकडे एकाने फसवणुकीचं पत्र समजून फाडलं, मग दंडासकट आलं.

बोखुमच्या_काकू
अगं, भाषा येते हळूहळू, आधी कुकर घे. हॉकिन्सचा तीन लिटर, सपाट बुडाचा, इंडक्शनला चालेल असा. हॉस्टेलात गॅस नसतो. फोडणी देताना खिडकी उघड, नाहीतर स्मोक अलार्म बोंबलतो. चक्क्याची काळजी नको, तिथे 'क्वार्क' मिळतं, डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेलं घे, फडक्यात रात्रभर टांगलं की श्रीखंड फार सुरेख होतं. बिनफॅटचं आणू नकोस, आंबट आणि खरखरीत लागतं. पोळ्यांना ४०५ नंबरचं पीठ घेऊ नकोस, तो मैदाच.

सॅक्सनीतला_सातारकर
काकू, धागा भाषेचा आहे. (पण क्वार्कचं बरोबर आहे.)

बोखुमच्या_काकू
भाषेचंच सांगते मग. आमच्याकडे पुण्याचा एक मुलगा यायचा. शेजारच्या आजींनी त्याला केक घेऊन विचारलं, आणखी हवा का? तो हसून म्हणाला, 'डांके'. आजींनी ताट उचललं. असं विचारल्यावर नुसतं डांके म्हणजे नको. हवं असेल तर 'या, गेर्न' किंवा 'बिट्टे' म्हणायचं. हॉटेलात पैसे देतानाही डांके म्हटलं की सुट्टे तुम्हीच ठेवा असा अर्थ घेतात. बिचारा वीसची नोट देऊन बसला होता.

फुकटचं_पौष्टिक
१२ हजार खर्चूच नकोस. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए१ ते बी१ ऑनलाइन कोर्स पूर्ण मोफत आहे. तिथे गेल्यावर फोल्क्सहोखशूलेत (मोठ्यांसाठीचे वर्ग चालवणारी संस्था) नाव घाल, ते सरकारी मदतीवर चालतं म्हणून परवडतं. केम्निट्सचं 'टीट्स'मध्ये भरतं. जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची इमारत, आत शहराचं वाचनालय आणि दगड झालेली झाडं उभी आहेत. कोर्स नसला तरी जाऊन बस, वाचनालय उबदार असतं.

डॉइचवाला
मोफत कोर्स कुणीही पूर्ण करत नाही. पैसे भरले की माणूस अभ्यास करतो. मॅक्स म्युलर.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. मी ठरवलंय. मिरजेत एक निवृत्त बाई आहेत, इंजिनिअरिंगच्या मुलांना जर्मन शिकवायच्या. दहा हजारांत जायच्या दिवसापर्यंत आठवड्याला तीन शिकवण्या देणार आहेत, मराठीतून. व्याकरणाचं पुस्तक नाही, परीक्षा नाही. त्या शेजारच्या खोलीतून मला फोन करतात आणि मी स्पेलिंग, पत्ता, वेळ, डॉक्टरची अपॉइंटमेंट हे सगळं बोलायचं. काल चेहरा दिसत नसताना आकडे ऐकून लिहायला लावले, निम्मे उलटे लिहिले गेले. मला हेच पाहिजे होतं. उरलेल्या दोन हजारांत कुकर.

डॉइचवाला
व्याकरणाशिवाय भाषा म्हणजे पायाशिवाय घर. सहा महिन्यांनी नामांच्या लिंगांत अडकून 'डेअर, दी, डास' (तो, ती, ते) करत इथेच विचारायला येशील.

पाटलांची_थोरली
येऊ दे की. आधी पोस्टमनला नाव तर वाचता येऊ दे. बाई, त्या बाईंना मुलांसाठी सुट्टीत वर्ग घेता का विचार, पुतण्या बारावीला आहे.

बोखुमच्या_काकू
कुकरबरोबर दोन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे टाक. आणि काच-शेगडीवर तो सरकवू नकोस, चरे पडले की मालक डिपॉझिटमधून कापतात.