ट्रेकसाठी फिक्स्ड ब्लेड चाकू: पातं किती लांब, स्टील कुठलं, म्यान कसलं?

घाटवाट_पुणे

नमस्कार मंडळी. आठ जणांच्या ग्रुपसाठी एक फिक्स्ड ब्लेड चाकू घ्यायचा आहे. ट्रेक राजगड, तोरणा, अंधारबन, भीमाशंकर असे. हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर मुक्काम. कामं साधीच: कांदा-बटाटा चिरणं, दोरी आणि बँडेज कापणं, चुलीसाठी वाळक्या काटक्या तासणं. फोल्डिंग नको, कारण कांद्याचा रस आणि चिखल सांध्यात बसतो, आणि लॉक अर्धवट बसलं तर पातं बोटावर मिटतं.

बजेट अडीच हजार. समोर तीन पर्याय आहेत. एक, 'मोरा' या स्वीडिश कंपनीचा 'कम्पॅनियन' चाकू. दुसरा, ऑनलाइन 'सर्व्हायव्हल' म्हणून मिळतो तो: 18 सेंमी पातं, पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र. तिसरा, लोहाराकडून गाडीच्या पाट्याचा (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) करून घेणं. काय घ्यावं आणि का?

कातळमाथा

दुसरा पर्याय आजच यादीतून काढा. मूठ पोकळ असली की पात्याचं शेपूट मुठीत जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जातं आणि नटावर किंवा पिनेवर धरलेलं असतं. जोर आला की पातं तिथूनच तुटतं, आणि मोकळं पातं हाताजवळ असणं फार वाईट. पाठीवरच्या दातांनी लाकूड कापलं जात नाही, उलट काटकी तासताना अंगठा ठेवायला जागा राहत नाही. शिवाय प्रत्येक दाताच्या खाचेत ताण एकवटतो, तडा तिथून सुरू होतो.

लांबी 9 ते 11 सेंमी पुरते. मोठा कांदा एका दमात चिरला जातो आणि टोकावर ताबा राहतो. जाडी जास्त महत्त्वाची. 5 मिमी जाड पात्याने गाजर कापून बघा: पातं अर्ध्यात जाईपर्यंत गाजर कट्‌ आवाज करून फुटतं, कारण पातं पाचरीसारखं वागतं. तुमच्या कामाला 2.5 मिमी, फार तर 3.

आता स्टील. सह्याद्रीच्या पावसात स्टेनलेसच घ्या. मोराचा स्टेनलेस कम्पॅनियन 12सी27 या स्टीलचा असतो: कार्बन साधारण 0.6 टक्के, क्रोमियम 13.5 टक्क्यांच्या आसपास. धार टिकते आणि साध्या दगडावर परत लागते. 1095 कार्बन स्टीलमध्ये कार्बन 0.95 टक्के, पण क्रोमियम जवळजवळ नाहीच. ओलं पातं रात्रभर म्यानात राहिलं की सकाळी नारिंगी ठिपके. डी2 मध्ये क्रोमियम 12 टक्के दिसतं म्हणून लोक फसतात. त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळलेल्या कडक कणांत, अडकलेलं असतं, गंज रोखायला मोकळं कमी उरतं, आणि धार लावताना हात भरून येतात. पात्यावर नुसतं '440' लिहिलं असेल तर ए, बी की सी ते विचारा. सांगत नसतील तर सोडून द्या.

कम्पॅनियन फुल टँग नाही, म्हणजे स्टील मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. तुमच्या कामांना त्याने काही बिघडत नाही. पाठीवर ठोकून ओंडके फोडायचे असतील तरच फुल टँग शोधा. मूठ मात्र हातात घेऊनच ठरवा. लांबी 11 सेंमीच्या आसपास, रबराची पकड, आणि पात्याजवळ बोट अडेल असा उंचवटा. ओल्या हाताने टोक रुतवताना बोटं पुढे धारेवर घसरतात, ते हा उंचवटाच थांबवतो. चार बोटांच्या चार खाचा असलेली मूठ नको, ती एकाच पकडीला बसते आणि आठ जणांचे हात आठ मापांचे.

पाटा_ते_पातं

तिसऱ्या पर्यायाबद्दल. पाट्याचं स्टील चिवट असतं, कार्बन 0.5 ते 0.6 टक्के. कोयता-कुऱ्हाडीला उत्तम. चाकूलाही चालतं, पण दोन ठिकाणी घात होतो.

पहिलं म्हणजे जुना पाटा लाखो हेलकावे खाल्लेला असतो. डोळ्याला न दिसणारे तडे असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. शक्य असेल तर न वापरलेली पट्टीच द्या.

दुसरं, पाणी देणं, म्हणजे पातं तापवून झटकन थंड करून कडक करणं. लोहार रंगावर अंदाज घेतो आणि भर उन्हात तो अंदाज हमखास चुकतो. स्टील जास्त तापतं, कण जाडे होतात, पातं ठिसूळ. लोहचुंबक जवळ ठेवा. तापलेल्या पात्याला चुंबक चिकटेनासा झाला की त्याहून किंचितच वर न्यायचं आणि 50-60 अंशांच्या कोमट तेलात बुडवायचं. पाण्यात बुडवलं तर हे स्टील तडकू शकतं. थंड झाल्यावर कानस फिरवा, काचेवरून सरकावी तशी सरकली पाहिजे. मग त्याच दिवशी ओव्हनमध्ये 200 ते 220 अंशांवर एकेक तास दोनदा. घासून चकचकीत केलेल्या जागी गवती पिवळा रंग येतो.

पातं ताब्यात घेताना 6 मिमीच्या पितळी सळईवर धार तिरपी टेकवून दाबा. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर काम नीट झालंय. वाकलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर फार कडक.

भाजी चिरायला मात्र हा चाकू नको. चिरेपर्यंत कांदा काळा पडतो आणि पातंही.

घाटवाट_पुणे

दोघांचे मनापासून आभार. मग स्टेनलेस कम्पॅनियन नक्की. दोन प्रश्न राहिले. कमरेला लावून फिरलं तर चालतं का? आणि धार घरी कशी लावायची? कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून लावून घेतली तर?

वनवाट

कमरेला नकोच. आणि त्याआधी तुमच्या यादीकडे बघा. भीमाशंकर अभयारण्य आहे, हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू स्पष्टपणे आहे. लांबीची सूट नाही. तिथे चाकू घरी ठेवा, भाजी चिरूनच न्या, बँडेजसाठी प्रथमोपचार पेटीत बोथट टोकाची कात्री ठेवा. अंधारबनला जाताना ताम्हिणीची हद्द कुठून लागते ते वनखात्याकडून आधी विचारून घ्या. हरिश्चंद्रगडावरच्या चुलीचा विचारही सोडा. वाळकं लाकूड हेच तिथल्या किडा-पाखरांचं घर आहे आणि हिवाळ्यात गवत भडकायला एक ठिणगी पुरते.

शहरातलं वेगळं. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेली वगळली आहेत. तुमचा चाकू त्या मापाच्या बराच आत आहे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली पुण्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, सणासुदीला आणि निवडणुकीत हमखास. त्या काळात सार्वजनिक जागी चाकू बाळगणं हाच गुन्हा, लांबी कितीही असो. निघायच्या आदल्या दिवशी आदेश बघा. एरवीही म्यानात घालून, फडक्यात गुंडाळून, सॅकच्या तळाशी भांड्यांसोबत. स्वारगेटवर सॅक उघडायला लागली तर तो स्वयंपाकाच्या सामानातच दिसला पाहिजे.

धारकरी_सदाशिव

सायकलवरच्या चाकावर देऊ नका. कोरडं चाक धारेवर इतकी उष्णता निर्माण करतं की कडेला निळा-जांभळा पट्टा उमटतो. निळा म्हणजे जवळपास 300 अंश. तेवढ्या भागाचा कडकपणा उतरला, आता कितीही घासा, धार दोन दिवसांत बोथट होणार. तो पट्टा पूर्ण झिजेपर्यंत पातं दुरुस्त होत नाही.

घरी 1000 ग्रिटचा एक दगड पुरे. कम्पॅनियनला धारेकडे निमुळता होत जाणारा रुंद, सपाट उतार असतो. तोच कोन दाखवतो, वेगळं माप लागत नाही. उतारावर मार्करने रेघा ओढा. दगड ओला करा, पूर्ण उतार दगडावर टेकवा आणि पाच-सहा वेळा फिरवा. शाई कडेशी राहिली तर तुम्ही पाठ फार झोपवताय, फक्त कडेची गेली तर पाठ उचलताय. सगळी सारखी गेली की कोन बरोबर. एक बाजू इतकी घासा की दुसऱ्या बाजूच्या कडेला नखाला बारीक खरखर लागेल, ती बर. मग बाजू बदला. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, पंधरा-वीस वेळा ओढा. बर न काढता थांबलात तर चाकू पहिल्या टोमॅटोला झकास चालतो आणि चौथ्याला चिरडतो.

साध्या घरगुती चाकूला कोन धरायचा तर पात्याची रुंदी बघा: 30 मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून 10 मिमी उचलली की सुमारे 20 अंश होतात.

म्यान कम्पॅनियनचं प्लास्टिकचं येतं तेच ठेवा. कातडी म्यान पाणी धरून बसतं आणि कातडं कमावताना वापरलेले क्षार पात्याला लागतात. नवीन म्यान उलटं धरून जोरात झटका द्या, चाकू पडता कामा नये. ट्रेकवरून आल्यावर म्यान आतून धुऊन उलटं वाळवा, चाकू पुसून औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन एक थेंब चोळा. खोबरेल नको, काही आठवड्यांनी चिकट थर होतो. आणि घरी पातं म्यानाबाहेर, कागदात गुंडाळून ठेवा.

कातळमाथा

एक राहिलं, ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला दाखवा. काटकी मांडीवर धरून तासायची नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते आणि पातं सटकलं की तिथेच जातं. कोपरं गुडघ्यांवर टेकवून पुढे वाका, म्हणजे काटकी गुडघ्यांच्या पुढे येते, आणि पातं कायम अंगापासून दूर. चाकू हातातून हातात द्यायचा तर आधी म्यानात.